थोर चित्रांची रंगपाटी

नव्या घराला रंग द्यावयाचा ठरला म्हणजे घरोघर एक लहानशी सभा भरते. पूर्वीं या सभेंतला वाद एवढाच असे, कीं चुन्यांत नीळ किती घालावी आणि पिवडी किती घालावी. हल्लीं रंगाच्या कारखान्यांचीं पुस्तकें पुढ्यांत येऊन पडतात. त्यांत शेंकडों चौकोन असतात, आणि प्रत्येक चौकोनाला वेगळें नांव असतें. अलीकडे या पुस्तकांच्या जोडीला आणखी एक तऱ्हा आली आहे. एकादें जगप्रसिद्ध चित्र घ्यावयाचें, त्यांतले पांच-सहा ठळक रंग निवडून काढावयाचे, त्यांचे चौकोन एका ओळींत मांडावयाचे आणि त्या ओळीला चित्राचें नांव द्यावयाचें. खिशांतल्या भ्रमणध्वनीवर हें काम क्षणांत होतें. मग कोणी दिवाणखान्याच्या भिंतीसाठीं व्हॅन गॉगचा पिवळा मागतो, कोणी पडद्यासाठीं व्हर्मीरचा निळा, आणि कोणी साडीच्या कांठासाठीं अजिंठ्याचा तांबडा.

ही हौस वाईट नव्हे. ज्या घरांत चित्रकलेचें नांव सहसा निघत नाहीं, त्या घरांतहि या निमित्तानें एकाद्या थोर चित्राकडे चार माणसांची दृष्टि जाते. परंतु जो चौकोन चित्रांतून उचलला, तो रंग त्या चित्रकाराचाच ठरतो काय? या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचें उत्तर वाटतें तितकें सोपें नाहीं. तें शोधावयाचें तर तीन गोष्टी पाहाव्या लागतात. चित्रकाराजवळ रंग होते किती व ते आले कोठून, ही पहिली. ते रंग एकमेकांच्या शेजारीं बसून काय करितात, ही दुसरी. आणि चित्र पुरें झाल्यानंतर काळानें त्या रंगांचें काय केलें, ही तिसरी.

चित्रकार ज्या लांकडी फळीवर रंग काढून घेतो व कालवितो, तिला युरोपांत पॅलेट म्हणतात. मराठींत तिला रंगपाटी म्हणावयास हरकत नाहीं. पुढें हाच शब्द फळीवरच्या रंगांनाहि लावूं लागले. अमक्या चित्रकाराची रंगपाटी म्हणजे त्यानें वापरावयास घेतलेले मोजके रंग. जुन्या काळीं हे रंग खरोखरच मोजके असत. ग्रीक चित्रकार अपेलीस यानें व त्याच्या काळच्या इतर थोर चित्रकारांनीं पांढरा, पिवळा, तांबडा आणि काळा अशा अवघ्या चार रंगांत आपलीं चित्रें काढलीं, असें रोमन ग्रंथकार प्लिनी सांगतो. पांढरा व पिवळा या मात्या, तांबडीहि मातीच, आणि काळा म्हणजे काजळी.

प्लिनीची गोष्ट फार जुनी म्हणून कोणी ती बाजूस ठेवील. परंतु स्वीडनचा चित्रकार आंडेर्स झॉर्न हा तर १९२० पर्यंत हयात होता. त्यानें १८९६ मध्यें स्वतःचें जें चित्र काढिलें, त्यांत त्याच्या हातांतली रंगपाटी स्पष्ट दिसते. तिच्यावर पांढरा, पिवळी माती, हिंगूळ आणि काळा असे चारच रंग आहेत. निळा नाहीं. तरीहि झॉर्नच्या अशा रंगांतल्या चित्रांत सावल्या निळसर भासतात. काळ्यांत पांढरा मिसळून केलेला करडा रंग तांबूस व पिवळ्या रंगांच्या शेजारीं बसला, कीं डोळ्याला तो निळा वाटूं लागतो. यंत्रानें तो ठिपका उचलून चौकोनांत मांडला तर हातीं करडा रंग येईल. पाहणाऱ्याला दिसलेला निळा त्या चौकोनांत सांपडणार नाहीं.

ही केवळ डोळ्याची फसगत नव्हे. तिला नियम आहे, आणि तो शोधून काढणारा मनुष्य चित्रकार नव्हता. पॅरिस येथें गोब्लँ नांवाचा गालिचे व भिंतीवरचे चित्रपट विणण्याचा प्रसिद्ध कारखाना आहे. तेथील रंगशाळेचा प्रमुख म्हणून शेव्हरल नांवाचा रसायनशास्त्रज्ञ १८२४ मध्यें नेमला गेला. त्याच्याकडे एक तक्रार आली. निळ्या-जांभळ्या विणकामांतल्या सावल्यांसाठीं दिलेला काळा धागा फिका पडतो, त्याला जोर नाहीं, अशी ती तक्रार होती. शेव्हरलनें तो काळा तपासला, आणि त्याला आढळलें कीं धाग्याच्या रंगांत कांहींच खोट नाहीं. दोष होता तो शेजाऱ्याचा. निळ्याजवळ बसलेला काळा आपलें तेज घालवून बसत होता. या शोधाचा त्यानें वर्षानुवर्षें पाठपुरावा केला व १८३९ मध्यें रंगांच्या परस्परविरोधावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढील पिढीच्या फ्रेंच चित्रकारांवर त्या विचारांचा मोठा परिणाम झाला.

शेव्हरलचा नियम घरच्या घरीं पडताळतां येतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरील एकादें रंगीत चित्र घ्यावें. एका पांढऱ्या कागदाला वाटाण्याएवढें भोंक पाडावें, आणि तो कागद चित्रावर हळुहळू सरकवावा. जो रंग चित्रांत सोन्यासारखा लखलखत होता, तो भोंकांतून पाहतांना मळक्या तपकिरी मातीसारखा दिसेल. चेहऱ्यावरचा गोरा वर्ण कोठें हिरवट, कोठें राखी निघेल. घरांतल्या मुलांना हा खेळ फार आवडतो. शिवाय त्यांतून एक धडा मिळतो: चित्रांतला सुंदर रंग पुष्कळ वेळां एकट्या त्या रंगांत नसतो, तो त्याच्या चार शेजाऱ्यांत वांटलेला असतो. भिंतीसाठीं एकच चौकोन उचलून आणणारा गृहस्थ चित्रांतला एक मनुष्य घरीं आणतो, त्याचें कुटुंब मात्र मागें राहतें. मग भिंत रंगवून झाल्यावर ‘पुस्तकांत दिसला तसा रंग आला नाहीं’ म्हणून रंगाऱ्याला बोल बसतो.

आतां रंग येतात कोठून, तें पाहूं. हॉलंडांतील डेल्फ्ट गांवीं योहानेस व्हर्मीर हा चित्रकार राहत असे. त्याचें ‘मोत्याचें कर्णभूषण ल्यालेली मुलगी’ हें चित्र सुमारें १६६५ चें असून तें हेग येथील मॉरित्सहाउस या संग्रहालयांत आहे. निळें-पिवळें शिरोवस्त्र गुंडाळलेली एक मुलगी मान वळवून पाहते आहे, एवढाच त्याचा विषय. २०१८ मध्यें संग्रहालयानें या चित्राचा, त्याला हात न लावतां, नव्या यंत्रांनीं कसून अभ्यास करविला, आणि १९९४ च्या जीर्णोद्धाराच्या वेळीं मिळालेल्या माहितींत मोठी भर पडली. त्या मुलीच्या चेहऱ्यावर व मोत्यावर शिशाचा सफेता आहे. ओठांत पाऱ्यापासून होणारा हिंगूळ आहे. त्याच्या जोडीला निवडुंगावर राहणाऱ्या किड्यांपासून काढिलेला किरमिजी रंगहि आहे, आणि तो किडा मेक्सिकोच्या बाजूचा. अंगरख्यांत पिवळी माती आहे. सावल्यांत कोळशाचे काळे रंग आहेत. आणि शिरोवस्त्रांतला निळा रंग अफगाणिस्तानांतल्या दगडाचा आहे. जो चित्रकार डेल्फ्ट गांव सोडून सहसा कोठें गेला नाहीं, त्याच्या पाटीवर असे दोन खंडांचे रंग जमले होते.

तो निळा दगड म्हणजे राजावर्त, ज्याला व्यापारी लाजवर्द म्हणत. बदक्षान प्रांतांत कोकचा नदीच्या खोऱ्यांत सर-इ-संग येथें त्याच्या प्राचीन खाणी आहेत. हा दगड नुसता कुटला तर निळा रंग मिळत नाहीं, राखेसारखी करडी भुकटी मिळते, कारण निळ्याबरोबर त्यांत इतर खनिजेंहि असतात. तीं वेगळीं करण्याची रीत चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकारानें आपल्या ग्रंथांत दिली आहे. दगडाची वस्त्रगाळ पूड राळ, मस्तकी व मेण यांच्या गोळ्यांत मिसळून कांहीं दिवस मुरवावयाची. मग तो गोळा राखेच्या क्षारपाण्यांत कणकेसारखा मळावयाचा. निळे कण पाण्यांत सुटून तळाशीं बसतात व मळ गोळ्यांतच राहतो. पहिल्या पाण्याचा रंग सर्वांत उत्तम, आणि पुढच्या प्रत्येक पाण्याचा हलका हलका.

इतक्या लांबून येणारा आणि इतक्या खटाटोपानें निघणारा रंग सोन्याच्या मोलाचा असावा, यांत नवल नाहीं. १४८५ मध्यें फ्लॉरेन्स येथील एका अनाथालयानें घिर्लांदायो या चित्रकाराशीं जो करार केला, त्यांत निळा रंग औंसाला सुमारें चार फ्लोरिन किंमतीचाच असावा अशी अट घातली होती. संबंध चित्राचें मोल ठरलें होतें ११५ फ्लोरिन. म्हणजे तीस औंस निळा वापरला तर सगळें मोल रंगांतच जावें! व्हर्मीरनें हा मोलाचा रंग हात न आखडतां वापरला. निळ्या वस्त्रांत तर तो आहेच, पण पांढऱ्या भिंतीच्या सावलींतहि त्याचा अंश मिसळण्याची व्हर्मीरची रीत होती. हा चित्रकार १६७५ च्या डिसेंबरांत वारला तेव्हां पत्नी व अकरा मुलें यांच्या वांट्याला कर्ज आलें. पाववाल्याच्या उधारीपोटीं त्याचीं दोन चित्रें द्यावीं लागलीं. त्याच निळ्या शिरोवस्त्राची मुलगी १८८१ मध्यें हेग येथील एका लिलांवांत अवघ्या दोन गिल्डरला व वर तीस सेंट दलालीला विकली गेली. लाजवर्दाचें मोल रंगाऱ्याच्या दुकानांत कळतें, परंतु चित्राचें मोल कळावयास दोनशें वर्षें लागलीं.

या निळ्याची पुढची हकीकत थेट घरच्या न्हाणीघरापर्यंत येते. फ्रान्समध्यें उद्योगधंद्यांना उत्तेजन देणाऱ्या एका संस्थेनें १८२४ मध्यें असा निळा रंग कृत्रिम रीतीनें व स्वस्तांत करून दाखविणाराला ६,००० फ्रँकचें बक्षीस लाविलें. १८२८ मध्यें तें गिमे नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें मिळविलें. चिनी माती, सोडा, गंधक व कोळसा भट्टींत भाजून तो रंग होऊं लागला, आणि राजांच्या व धर्मगुरूंच्या चित्रांतला रंग परटाच्या हौदांत आला. पांढऱ्या कपड्यांना द्यावयाची पुडींतली नीळ पिढ्यान् पिढ्या याच कृत्रिम रंगाची असे. जुन्या गृहिणी चिमूटभर नीळ पाण्यांत टाकून धोतरें पांढरीं शुभ्र करीत, तेव्हां व्हर्मीर भिंतीच्या सावलींत जी युक्ति करीत होता तीच त्या करीत होत्या. पांढऱ्यांतला पिवळेपणा निळ्याच्या स्पर्शानें मारला जातो.

महाराष्ट्रांतलें या विषयाचें सर्वांत मोठें पीठ म्हणजे अजिंठा. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतल्या या लेण्यांतलीं सर्वांत जुनीं चित्रें इसवी सनापूर्वींचीं आहेत, आणि पद्मपाणीसारखीं जगप्रसिद्ध चित्रें वाकाटकांच्या काळचीं, म्हणजे पांचव्या शतकांतलीं. खडकावर माती, भाताचें तूस व वनस्पतींचे तंतु यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि मग डिंकासारख्या चिकट द्रव्यांत कालविलेले रंग, अशी तेथली पद्धति. त्या चित्रकारांची रंगपाटी पुढील पांच-सहा ओळींत संपते. तांबडा म्हणजे गेरू. पिवळा म्हणजे पिवडी. हिरवा म्हणजे काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतून मिळणारी हिरवी माती. पांढरा म्हणजे चुना व पांढऱ्या मात्या. काळा म्हणजे काजळी. एवढे सगळे डोंगराच्या आसपास किंवा चुलीपाशीं मिळणारे. परका असा एकच, तो म्हणजे निळा. तो तोच बदक्षानचा लाजवर्द, आणि तो मुख्यतः पुढच्या काळांतल्या चित्रांत दिसतो. वाघूर नदीच्या कांठचा चित्रकार आणि डेल्फ्टचा व्हर्मीर यांच्यामध्यें सुमारें बाराशें वर्षांचें अंतर आहे. एकानें दुसऱ्याचें नांवहि ऐकिलेलें असणें शक्य नव्हतें. तरी दोघांच्या पाटीवर एकाच खोऱ्यांतला दगड होता.

अजिंठ्याचा तांबडा म्हणून जो चौकोन हल्लीं दाखवितात, त्याच्या पाठीमागें मात्र बराच इतिहास आहे. हीं लेणीं १८१९ मध्यें इंग्रज शिकाऱ्यांच्या दृष्टीस पडलीं. नंतर १८४४ पासून रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यानें तेथें राहून चित्रांच्या मोठमोठ्या प्रती काढल्या. लंडनजवळ क्रिस्टल पॅलेसमध्यें त्या मांडल्या असतां १८६६ च्या आगींत बहुतेक जळून गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या हिंदी विद्यार्थ्यांकडून पुन्हां प्रती काढविल्या. त्यांतल्याहि पुष्कळ लंडनमध्येंच १८८५ साली आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. प्रती काढतांना मूळ रंग उठून दिसावेत म्हणून भिंतीवर रोगण लावण्याची चूक त्या काळीं झाली. पुढें १९२० नंतर निझाम सरकारनें इटलीहून दोन तज्ज्ञ आणविले. त्यांनीं सुटलेला गिलावा मोठ्या कौशल्यानें जागच्या जागीं बसविला, परंतु चित्रांवर लाखेचें रोगण दिलें. हेतु रक्षणाचा होता. तथापि लाखेचें रोगण वर्षें जातील तसें पिवळें पडतें व धूळ धरतें. पिवळ्या पडद्याआड पांढरा मळकट झाला, निळा हिरवट झाला आणि तांबडा तपकिरी झाला. नंतर पुरातत्त्व खात्याच्या रसायनशास्त्रज्ञांनीं हें रोगण इंचाइंचानें काढण्याचें काम वर्षानुवर्षें केलें. रोगण निघालेल्या जागीं झांकलेला निळा वर आला. म्हणून अजिंठ्याची म्हणून जी ऊबदार तपकिरी छटा जुन्या छापील चित्रांतून घरोघर पोंचली, तिच्यांतला कांहीं भाग गेरूचा व कांहीं भाग लाखेचा आहे.

रोगणानें चित्राचें नांवसुद्धां बदलतें. रेम्ब्राँचें ॲम्स्टरडॅम येथील १६४२ चें प्रचंड चित्र सगळें जग ‘रात्रीचा पहारा’ म्हणून ओळखतें. चित्रकारानें त्यांत कप्तान कॉक व त्याची नागरिक-सेनेची तुकडी दाखविली आहे, आणि ती दिवसां निघालेली आहे. परंतु रोगणाचे थर व धूर यांनीं तें इतकें काळवंडलें, कीं अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लोक त्याला रात्र समजूं लागले. १९४६-४७ मध्यें तें रोगण उतरविलें तेव्हां दिवस पुन्हां दिसला. नांव मात्र रात्रीचेंच राहिलें. असल्या चित्रांतून कोणी काळपट सोनेरी छटा उचलून ‘रेम्ब्राँचा रंग’ म्हणून भिंतीला दिली, तर तिचें निम्में श्रेय रोगणालाच द्यावें लागेल.

रोगण उतरवितां येतें. रंगच जेव्हां उडतो तेव्हां मात्र इलाज नसतो. व्हिन्सेंट व्हॅन गॉग हा दरिद्री चित्रकार दक्षिण फ्रान्समधील आर्ल गांवीं १८८८ मध्यें राहत होता. पॅरिसला असलेला त्याचा धाकटा भाऊ थिओ त्याला पैसे व रंग पाठवी. व्हिन्सेंटच्या पत्रांतून रंगांच्या याद्याच्या याद्या आहेत. त्यांत क्रोम पिवळ्याच्या तीन छटा आहेत, प्रशियन निळा आहे, आणि जिरेनियमच्या फुलासारखा एक झगझगीत तांबडाहि आहे. ऑक्टोबरांत त्यानें आपल्या निजावयाच्या खोलीचें चित्र काढिलें आणि थिओला त्यांतले रंग एकेक करून कळविले. भिंती फिक्या जांभळ्या, फरशी तांबडी, पलंग ताज्या लोण्यासारखा पिवळा, पांघरूण लालभडक, खिडकी हिरवी. पाहणाऱ्याच्या मनाला विसांवा मिळावा असें तें चित्र व्हावें, ही त्याची इच्छा होती.

आज तें चित्र ॲम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयांत आहे. त्यांतल्या भिंती निळ्या आहेत. त्यानें १८८९ मध्यें केलेली दुसरी प्रत शिकागोला आहे आणि तिसरी, आई व बहीण यांच्यासाठीं केलेली लहान प्रत, पॅरिसला. तिन्हींत भिंती निळ्याच दिसतात. कारण असें, कीं जांभळा रंग निळ्यांत तांबडा मिसळून केला होता, आणि तो तांबडा कच्चा होता. उजेडानें तो हळुहळू मेला व निळा एकटा मागें उरला. १८९० च्या मे महिन्यांत काढिलेल्या गुलाबांचीहि तीच गत झाली. ते गुलाबी होते. न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत आज ते जवळजवळ पांढरे दिसतात. सूर्यफुलांचा क्रोम पिवळा तर वेगळ्याच रोगानें पछाडला आहे. हा रंग शिसें व क्रोमियम यांपासून होतो. २०११ मध्यें फ्रान्समधील ग्रनोबल येथल्या प्रखर क्ष-किरणांखालीं त्याचे बारीक नमुने तपासले, तेव्हां असें दिसलें कीं उजेडाच्या परिणामानें पृष्ठभागावरच्या क्रोमियमचें रूप बदलतें व पिवळ्याला तपकिरी झांक येते.

व्हॅन गॉगला हें ठाऊक नव्हतें असें नाहीं. चित्राच्या नव्या धाटणीनें जे रंग प्रचारांत आणिले ते सारे अस्थिर आहेत, हें त्यानें १८८८ च्या एप्रिलांतच थिओला कळविलें होतें. त्यावर त्याचा तोडगा असा, कीं म्हणूनच ते बेधडक, अंमळ भडक लावावेत. काळ त्यांना पुरेसे किंबहुना जास्तच मवाळ करील. पुढें काय होणार हें जाणूनहि त्यानें कच्चा रंग घेतला, कारण त्याला जी छटा हवी होती ती दुसऱ्या रंगांत मिळत नव्हती. हें धाडस म्हणावें कीं अविचार, यावर मतभेद होतील. परंतु जी खोली त्याला विसांव्याची वाटत होती तिचा जांभळा रंग जगाला कळतो तो त्या पत्रामुळें. पैशाची ओढ असतां, रंग संपत आले असतां, एक भाऊ दुसऱ्याला घरच्या भिंतीचा रंग सविस्तर कळवितो आणि दुसरा ती पत्रें जपून ठेवितो, म्हणून आज शास्त्रज्ञांना उडालेल्या तांबड्याचा शोध कोठें घ्यावयाचा हें कळलें.

असा रंग उडतांना पाहावयाचा तर ॲम्स्टरडॅमला जाण्याचें कारण नाहीं. पुष्कळ मराठी घरांत देवघराच्या भिंतीवर राजा रविवर्म्याच्या लक्ष्मीची किंवा सरस्वतीची तसबीर असे. १८९४ मध्यें मुंबईंत निघालेला व पुढें लोणावळ्याजवळ मळवली येथें नेलेला रविवर्म्याचा छापखाना हीं चित्रें शिळाछापाच्या पद्धतीनें छापी. एका रंगाला एक दगड, असे अनेक दगड एकामागून एक कागदावर उमटत. म्हणजे मूळ तैलचित्रांतून रंग निवडून काढावयाचे, ते वेगळे करावयाचे आणि पुन्हां रचावयाचे, हें काम त्या वेळींहि होत होतें. फक्त तें डोळ्यानें व हातानें होई. अशी जुनी तसबीर चौकटींतून काढली कीं कडेला, चौकटीखालीं झांकलेल्या बोटभर पट्टींत, साडीचा तांबडा आपल्या मूळ तेजानें दिसतो, आणि बाकीची साडी फिकी झालेली असते. तसबीर उतरविल्यावर भिंतीवरहि तसाच एक चौकोन राहतो. पहिल्या दिवसाचा रंग तेवढ्याच जागीं टिकलेला असतो.

तेव्हां थोर चित्रांतून रंग घेऊं नयेत काय? अवश्य घ्यावेत. फक्त घेतांना तीन गोष्टींची जाणीव असावी. एकच चौकोन न घेतां त्याचे शेजारीहि घ्यावेत, आणि चित्रांत ज्याला जितकी जागा असेल त्या प्रमाणांतच घरांत ती द्यावी. व्हर्मीरच्या चित्रांतला तो लाल ओठाएवढाच असतो म्हणून शोभतो. छापील चित्रावर किंवा पडद्यावर विसंबूं नये, कारण प्रत्येक छाप आपल्या परीनें रंग सांगतो. भिंतीवर हातभर जागा रंगवून ती सकाळीं, दुपारीं व दिव्याच्या उजेडांत पाहावी. आणि आज दिसणारा रंग चित्रकाराचा किती व काळाचा किती, याची चौकशी शक्य तेथें करावी. कोणी आर्लच्या त्या खोलीचे रंग आपल्या मुलाच्या खोलीला देणार असेल, तर त्याच्यापुढें खरी निवड आहे. संग्रहालयांतला निळा घ्यावा कीं पत्रांतला जांभळा?

दोन्हींपैकीं कोणताहि घेतला तरी बिघडत नाहीं. परंतु जांभळा घेतला आणि मुलानें विचारलें, कीं पुस्तकांतल्या चित्रांत तर भिंत निळी आहे, तर त्या मुलाला दोन भावांची गोष्ट सांगावी लागेल. आणि जमलें तर रंगाऱ्याला सांगून त्या भिंतीचा एक कोपरा कपाटामागें झांकून ठेवावा. पांच-दहा वर्षांनीं कपाट सरकवितांना तो मुलगा स्वतःच्या डोळ्यांनीं पाहील कीं रंग कोठवर आला.